दोन ट्रॉल्यांमधली फट

काठी, ता. अक्कलकुवा
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. पितांबरमामांस,
भाग्येशचा सा. न. वि. वि.

पत्र लिहितो, लिहितो म्हणत तीन बाजार उलटले. पहिल्या बाजारी पेन नव्हतं. दुसऱ्या बाजारी पेन घेतलं, ते इथल्या चैत्यानं शेळीच्या कानावर खूण करायला नेलं. तिसऱ्या बाजारी मी मोहाच्या झाडाखाली झोपलो, त्याला कारण नाही. फोन केला असता, पण तुम्हाला हल्ली ऐकू कमी येतं. फोनवर तुम्ही नुसतं हां हां करता आणि ठेवल्यावर मामीला विचारता, काय म्हणत होता तो.

मी बरा आहे. सौर दिवे बसवणाऱ्या माणसाबरोबर इथे आलो, तो माणूस गेला आणि मी राहिलो. चैत्याच्या घरी जेवतो, बदल्यात बिघडलेले दिवे उघडून बघतो. घरासमोर पाण्याच्या पाइपासाठी कुणीतरी लांबच लांब चारी खोदलीय. पाइप आला नाही, चारी आहे. तिच्यात कोंबड्या राहतात. चैत्याची आई दिवलीबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन ती ओलांडते आणि मी रिकाम्या हातानं अडखळतो, यावर घरात रोज हसतात.

आता मुद्दा. रागावू नका. मी तो सिनेमा बघितला. तुमच्या पेटीवाल्या उमाकांतकाकांनी काढलेला ‘रूपकोर’. आपल्या घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. लहानपणी मला तो एखादा आजार वाटायचा. इथे मात्र जीपवाल्या दिनेशनं पेनड्राइव्हवर आणून दिलाय आणि चैत्याच्या टीव्हीवर बॅटरी असेल तेव्हा तोच चालतो. गाणी सगळ्यांना पाठ आहेत. आधी हे संगीत नाटक होतं, हे कुणाला माहीत नाही. मी सांगितलं की नाटकात रूपकोर राणी माझे मामा व्हायचे, बारा वर्षं. मग मोबाइलमधला तुमचा फोटो दाखवला, मिशांसकट. दिवलीबाईंनी मला आणखी एक भाकर वाढली.

सिनेमा वाईट आहे, हे तुम्ही अठरा वर्षं म्हणताय ते खरंच. राजाचा महाल म्हणजे पडदे लावलेलं गोदाम. दरबारात वर पंखा फिरतो. तुमचं महाल सोडतानाचं गाणं निम्म्यावर कापलंय. तरी मी परत परत बघतो, का ते माहीत नाही. पण एक कोडं आहे. महाल सोडल्यावर उरलेलं गाणं म्हणत रूपकोर मिरचीच्या पथारीवरून चालते. चहूकडे लाल मिरची वाळत घातलेली, जमीन सपाट. आणि एका ओळीला ती लुगडं उचलून लांब टांग टाकते. तिथे काही नाही, मामा. चैत्याच्या मते ती राजाचा शब्द ओलांडते. दिवलीबाईंच्या मते खाली साप असणार, कॅमेरावाल्याला दिसला नाही. इथल्या पोरी त्या गाण्यावर नाचतात तेव्हा त्या ओळीला सगळ्याच टांग टाकतात. तुम्हाला कारण माहीत असेल.

आईचा निरोप होता की उमाकांतकाका नंदुरबारचं घर विकून होळीनंतर कायमचे सुरतेला मुलाकडे जातायत. तुमच्या कानावर घालायला सांगितलंय. मी कागदावर घातलं.

मामीला नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.
आपला,
भाग्येश

म्हसावद
१८ फेब्रुवारी २०२५

चि. भाग्येश यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडी चालल्यासारखंच आहे, आता तिचं गावही कळलं. मुक्काम हलवशील तेव्हा निदान आईला कळव. तुझ्या चुलतभावाचं लग्न ठरलं, मुलगी शिक्षिका आहे. तुझ्याबद्दल विचारणारे विचारतात. आम्ही सांगतो, दिव्यांच्या कामात आहे.

तो सिनेमा मी पाहिलेला नाही आणि पाहणार नाही. वाईट आहे हे कळायला पाहावा लागत नाही. लागला तेव्हा नंदुरबारला सगळी पार्टी घेऊन बसलो होतो. पडद्यावर नावं आली. रूपकोर म्हणून कुणा पोरीचं नाव आलं. मी चपला घातल्या आणि बाहेर आलो. बारा वर्षं दर दसऱ्याला मिशी काढली. शाळेत पोरं हसली, हेडमास्तर हसले, तुझी मामी अजून हसते. आणि पेटीवर माझ्यासमोर बसणारा हा उमाकांत. बाईचं काम बाईला दिलं याचं दुःख नाही. कॅमेरा जवळ येतो, माझी मनगटं दिसली असती, मला कळतं. पण घरी येऊन सांगायचं होतं. ते मी पडद्यावर वाचलं. तेव्हापासून मिशीही आहे आणि मीही इथेच आहे. जाऊ दे त्याला सुरतेला. गाडी त्याच्या दारावरूनच जाते.

आणि राणी मिरचीत कशाला जाईल? ठसका लागून मरेल.

ते टांगेचं मात्र तू अर्धवट लिहिलंस. कोणता पाय? लुगडं कोणत्या हातात? नजर खाली की समोर? आमचं स्टेज म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेलं, मध्ये वीतभर फट राहायची. सारंगखेड्याच्या जत्रेत माझा पाय तीत गेला. राणी महाल सोडण्याऐवजी ट्रॉलीत अडकली आणि लोकांनी पैसे वसूल झाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून त्या ओळीला मी टांग टाकायचो. ती कला नव्हे, सावधगिरी. सपाट पथारीवर ती पोरगी काय ओलांडत होती? मला काही पडलेलं नाही, पण कळव.

तुझा,
पितांबरमामा

ता. क. मी मामी. तुझं पत्र आल्यापासून हे ओसरीत येरझारा घालतात आणि मधेच टांग टाकतात. त्यास्ले वाटस मले दिखत नही. तू जेवस का नही ते लिख. गजराबाई.

काठी
९ मार्च २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

जेवतो, असं मामीला सांगा. होळी चार दिवसांवर आलीय, डोंगरातून माणसं उतरू लागलीत. कुणी मोरपिसांचा टोप नीट करतंय, कुणी कमरेच्या घुंगरांना दोरा घालतंय. मलाही एक ढोल धरायला दिलाय, वाजवायला नाही. त्यात उत्तर राहिलं.

डावा पाय. लुगडं उजव्या हाताच्या दोन बोटांत. नजर समोर, हनुवटी किंचित वर, खाली फट आहे हे लोकांना कळू नये अशी. मी चित्र थांबवून बघितलं, त्यावर सगळे माझ्यावर ओरडले. आणि टांगेच्या आधी ती नथीला हात लावते, आईच्या साठीच्या कार्यक्रमात तुम्ही नाचताना लावला होता तसा. नथ नसतानाही.

मामा, हे त्या पोरीला आपोआप सुचलेलं नाही. तुमच्यासमोर बारा वर्षं एकच माणूस बसायचा, आणि खाली पेटीवर बसलेल्याच्या डोळ्यासमोर पायच येतात. त्यानं तिला सगळं शिकवलं. फटीसकट. यात पितांबर कुठला आणि ट्रॉली कुठली, हे त्याला निवडता आलं नसेल. की आलं होतं आणि तरी ठेवलं? हे मला विचारू नका, मी दहावीला दोनदा बसलेला माणूस. नंदुरबारला जाऊन त्यांनाच विचारा, होळीच्या आधी. आणि सिनेमा बघा. वाईटच आहे, पण त्यात तुम्ही आहात. तुम्ही सोडून सगळ्या तालुक्याला ते दिसलं.

जरा थांबा. दिनेशची जीप वाजतेय. आज बाजार नाही.

मामा, जीपमधून एक म्हातारा उतरला, मी ओळखलंच नाही. मिशी नाही. मग धोतर बघितलं. तुम्ही आहात. मागून उमाकांतकाका उतरतायत, पेटी छातीशी धरून. दोघं एकमेकांशी बोलत नाही आहात, पण एकाच जीपमधून आलात.

तुम्ही चारीपाशी थांबलात. धोतर दोन बोटांत धरलंत, नजर समोर, हनुवटी वर, डावा पाय. काका पेटीवरून पायाकडेच बघत होते.

दिवलीबाईंनी डोक्यावरचे हंडे खाली ठेवले आणि घरात हाक मारून सांगितलं की या म्हाताऱ्याला आपली रूपकोर बरी जमते, फक्त पाय थोडा आखूड पडतो. तुम्ही विचारताय, ती काय म्हणाली. काका तुमच्या कानाशी तोंड नेऊन सांगतायत. भलतंच सांगत असणार, कारण तुम्ही खूश दिसताय.

टीव्हीला बॅटरी लावायला जातो. हे पत्र हातातच देईन. लोभ पत्रातून मागायची आज गरज नाही.

आपला,
भाग्येश