निळी लेव्हल

शनि., १२ जून २००४
परीक्षण छापून आलं. लहानपणीचा उड्यांचा गेम कंपनीने नव्याने काढलाय, त्याची चिरफाड. चित्रं गोड, आवाज स्वच्छ, उडीला वजन नाही, आणि निळी लेव्हल गायब. ‘जिच्यासाठी आपण खेळायचो तीच काढून टाकली’ असं ठणकावून लिहिलंय. संपादक साहेबांनी तेच वाक्य मथळ्यात घेतलं. सदराला माझा फोटो पहिल्यांदाच. कान मोठे दिसतात. आई म्हणाली, गेमसाठी एवढा राग?

सोम., १४ जून
ऑफिसात फोनच फोन. चांदवडचा एक जण : “ताई, आमच्या कॅसेटमधी बी व्हती निळी लेव्हल. काढलीच कशी यांनी?” देवळाली कॅम्पच्या एक बाई, त्यांचंही तेच. पाण्यात शिरलं की सगळं निळं, शत्रू नाही, शेवट नाही, नुसतं चालायचं. मला बरं वाटलं. फारच.
कॉलेज रोडच्या गेम पार्लरमधली मुलं नव्यावर खूष. त्यांनी जुना पाहिलाय कुठे.

बुध., १६ जून
पुण्याच्या एका वाचकाचा साहेबांना फोन. जुने गेम जमवतो. मूळ गेममध्ये अशी लेव्हलच नाही म्हणे. “खेळून तरी लिहितात का तुमच्याकडे?”
पार्लरवाल्या विलासभाऊंकडे गेले. पूर्वी मेन रोडला कॅसेटी विकायचे. ते शांतपणे म्हणाले, “अस्सल नाशकात पाहिली कोणी? सगळ्या नकला. त्यातली एक बिघडलेली, पाण्यात शिरलं की सगळं निळंच व्हायचं, तिच्याच पुढं नकला निघाल्या. लोक निळी लेव्हल आहे का विचारून घ्यायचे.”
साहेब : शनिवारी खुलासा, नाहीतर सदर बंद. आवाज न चढवता. म्हणजे मी परत श्रद्धांजलीच्या जाहिराती तपासायला.

गुरु., १७ जून
नवा गेम परत खेळले. पाण्यात शिरले. मासे, शेवाळ, पलीकडून बाहेर. छान केलंय. काहीच वाटलं नाही.
मूळ गेम मी खेळलेलेच नाही. मग नवा त्याच्यापेक्षा चांगला की वाईट, हे मी कुठल्या तोंडाने सांगितलं? लाज वाटली. सांगितलं तर आहे, मथळ्यासकट.

शुक्र., १८ जून, ऑफिस
दादाला मनमाडला फोन केला. तो रेल्वेत, ड्यूटीवरच होता. सगळं सांगितलं. मग म्हणाला, “अण्णा फुलं विकून येईपर्यंत आपण चालत राहायचो त्यात. शेवट सापडंना म्हणून तू रडायचीस.” मी रडायचे? आठवत नाही.
“खुलासा लिही,” म्हणाला. “पण कॅसेट खोटी होती असं नको लिहू. बिघडली होती म्हण.”
साहेबांना विचारलं, तसं चालेल का. “फरक काय? अशी लेव्हल नव्हती, एवढंच लिहा. सहाला पान छपाईला सुटतं.”
फरक आहे. समजावून सांगता आला नाही.
‘नव्हती’ लिहिलं. चांदवडचा वाचेल उद्या. खोडलं. ‘होती’ लिहिलं तर सदर गेलंच, वर पुण्यात हसतील. आणि तेही खरं नाहीच पुरतं.
शिपाई पान न्यायला आलाय. म्हटलं, बसा दोन मिनिटं.