उजेडाची दुर्बीण, उबेचे यंत्र

विजयदुर्ग, ३ मे १९६७

चि. गुरुदास यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

माई व मी खुशाल. आंबे अढीत घातले आहेत. खोलीत गवताचा नि आंब्याचा वास कोंडला आहे, तेवढा तू हवा होतास.

एक खासगी विचारतो. चाळीस वर्षे दिवेलागणीला क्रमिक पुस्तकातली एक कविता मी माईला वाचून दाखवतो. गेले दीड वर्ष मोतीबिंदूमुळे कंदिलाशी अक्षरे धुक्यात बुडतात. मग पुस्तक नुसते धरतो आणि पाठ म्हणतो. तिला पत्ता नाही. हे पत्रसुद्धा अंगणात भर उन्हात बसून लिहितोय. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात. पण डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठवडाभर उताणे पडायचे, आणि एवढे करून उरलासुरला उजेडही गेला तर?

काळोखात दिसणारी दुर्बीण निघाली आहे असे वर्तमानपत्रात आले होते. तुझ्या इस्पितळातले यंत्रही काळोखात चित्र काढते ना? ते हेच असेल, तर एखादे जुनेपाने मिळते का पाहा. शेजारचा भिकाजी म्हणतो, मास्तर, दुर्बीण इली की आधी माका समुद्रातली सुरमई दाखवा.

तुझी वाट पाहणारा,
बाबा

लंडन, १७ मे १९६७

तीर्थरूप बाबांच्या पायांशी गुरुदासाचा साष्टांग नमस्कार.

बाबा, ती दुर्बीण आणि आमचे यंत्र एक नव्हेत. दुर्बीण चांदण्यांचा कणभर उजेड गोळा करते आणि हजारो पटींनी वाढवते. दारे लावलेल्या काळ्याकुट्ट कोठीत तीही आंधळी. आमचे यंत्र उजेड मागतच नाही. तुम्ही अढीत हात घालून कुठला थर तापला ते सांगता, तसे ते दुरूनच ऊब चाचपते आणि तिचे चित्र काढते. सुजलेला सांधा त्यात उजळ दिसतो. पाण्याखालची सुरमई मात्र दिसायची नाही, भिकाजीकाकांना सांगा.

तरी तुमच्यासाठी करून पाहिले. तुमचेच पत्र यंत्रापुढे धरले. शाई आणि कागद सारखेच गार, म्हणून एकही अक्षर उमटले नाही. मी नुकत्याच टेकलेल्या पंज्याचा ठसा तेवढा कागदावर उजळला नि बघता बघता विरला. दोन्ही यंत्रांचे चित्र पाहायला शेवटी डोळाच लागतो, बाबा. त्यावरचे पटल ती काढणार नाहीत. पिशव्या सोसा. आणि माईला सांगून टाका.

आपल्या मायेतला,
गुरुदास

विजयदुर्ग, २९ ऑक्टोबर १९६७

चि. गुरुदास, सुखी राहा.

चष्मा लागून चार दिवस झाले. भिंगे इतकी जाड की दाराची चौकट वाकलेली दिसते. पण पायरीवरचे शेवाळही हिरवेगार दिसते. पिशव्यांच्या मधे पडून पाठ असलेल्या साऱ्या कविता मनात म्हटल्या. शस्त्रक्रियेचे माईला सांगितले होते, पाठ म्हणण्याचे सांगायला मात्र जीभ रेटली नाही.

काल दिवेलागणीला पुस्तक उघडले आणि वाचता वाचता थबकलो. तिसरे कडवे मी दोन वर्षे गाळत आलो होतो. ओशाळून माईकडे पाहिले. ती वाती वळत होती. मान वर न करताच म्हणाली, "ता कडवा माका येता. तुमच्या तोंडानं ऐकूचा होता, म्हणान गप रवलंय."

मग ते मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा, तिच्या सांगण्यावरून.

तुझा,
बाबा