तांदळातलं नाव

६ जाने.
प्रिन्सिपॉल मॅडमनी बोलावून घेतलं. कुठल्याशा पालकाने विचारलं म्हणे, सिकरूममधली बाई खरी नर्स आहे की नुसतीच आंटी? मार्चअखेर इथल्या, म्हणजे बंगालच्या, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हवं, शिवाय प्रथमोपचाराचा कोर्स. तोवर मलमपट्टी करा, ताप बघा, सुईला हात लावायचा नाही.
“आप को तो सब मानते हैं, मिसेस शिंदे. लेकिन पेपर इज पेपर.”
मिरजेत तीन वर्षं रगडून घेऊन पास झालेली बाई मी. आंटी!
आणि तितिरचं काय? सहावीतली पोर, लहानपणापासून मधुमेह. डब्याआधीचं इन्सुलिन मीच देते. आई न्यू टाउनला नोकरीला, तिथून आमची बेहालाची शाळा म्हणजे कलकत्त्याचं दुसरं टोक.

९ जाने.
पेटी उघडली. डिप्लोमा, कौन्सिलचं जुनं कार्ड. सगळीकडे सुनंदा बाबूराव माने. आधार, पॅन, शाळेचं ओळखपत्र: अनघा विनय शिंदे. एकही शब्द जुळत नाही.
कार्डाची मुदत कधीच संपलेली. भोपाळ, विशाखापट्टणम, कलकत्ता... विनयची बँक नेईल तिकडे. नूतनीकरण कोण करतंय?

१५ जाने.
इथल्या कौन्सिलच्या खिडकीवर गेले. आधी महाराष्ट्रात नूतनीकरण, मग तिथली ना-हरकत, मग इथे नोंदणी. बरं, म्हटलं. मग त्या गृहस्थांनी दोन्ही नावं शेजारी ठेवली.
“सरनेम बदला, वो तो सब का बदलता है. लेकिन नाम कैसे बदल गया?”
सांगितलं. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो.
“ओ, मतलब डाकनाम!” ते खूश झाले. बंगाल्यांच्यात प्रत्येकाला दोन नावं, घरातलं एक, शाळेतलं एक. तितिरसुद्धा हजेरीत अन्वेषा.
नाही हो. तुमची दोन्ही राहतात. आमचं पहिलं जातं.
“लेकिन लिखा कहाँ है, कि ये वही है?” त्यांनी विचारलं.
लग्नाच्या दाखल्यावरही सुनंदाच आहे. सुनंदाची अनघा झाली ते फक्त त्या ताटात. त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असेल.
पर्समध्ये कालची तिळाची वडी होती, ती दिली त्यांना. गोड बोलले. काम शून्य. एकाच नावाने सगळं करून आणा, नावबदल सरकारी गॅझेटमध्ये छापून घ्या.

२२ जाने.
खर्च. कोर्सची फी, उशिराचा दंड, प्रतिज्ञापत्र, गॅझेट, मुंबईच्या कौन्सिलची फेरी. माझे तीन पगार जातील.
विनय म्हणाले, “अगं, पुढच्या वर्षी बदली. मग परत तिथलं रजिस्ट्रेशन. कशाला हा आटापिटा? घरी राहिलीस तर काय अडलंय?”
बदली तुमची होते, पुसली जाते मी. हे मनात. तोंडाने विचारलं, “अहो, चहा टाकू?”
फार राग आलाय. चहात साखर घालायची विसरले, तेही ते मुकाट प्यायले. मग आणखी राग.

२ फेब्रु.
प्रथमोपचाराचा कोर्स झाला. रबरी माणसाच्या छातीवर दाब देऊन मनगटं गेली. बाकी सगळी विशी-बाविशीची पोरं. शिकवणारा म्हणाला, “दीदी, आपका हाथ तो पुराना है.” लाजले. खूप दिवसांनी कुणी हात ओळखला.
सर्टिफिकेटवर नाव कुठलं, विचारलं त्याने. आधारवरचं सांगून मोकळी झाले. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं. मूर्खासारखं आणखी एक कागद अनघाच्या पदरात टाकला. डिप्लोमा तिकडे एकटाच.

११ फेब्रु.
तितिरची आई आता दुपारचा डोस टळावा म्हणून सकाळीच जास्त देते. डॉक्टरना विचारून का, म्हटलं. “आप लोगों ने ही तो मना किया.” मॅडमना सांगितलं. बघू, म्हणाल्या.

१९ फेब्रु.
लिहवत नाही. तरी लिहिते.
खेळाच्या तासाला तितिर पडली. दोघींनी उचलून आणली. घामाने चिंब, डोळे वर. साखर एकदम उतरलेली. गिळण्याच्या शुद्धीत नव्हती, म्हणून ग्लुकोज हिरड्यांना चोळलं. अशा वेळेसाठीचं इंजेक्शन तिच्या आईनेच आणून फ्रिजमध्ये ठेवलेलं. काढलं. हातात होतं.
आणि मी मॅडमना फोन लावला. देऊ का, विचारायला.
उचलला नाही. परत लावला. तेवढ्यात झटके सुरू झाले. मग दिलं, पण मग. अँब्युलन्स आली.
सुनंदा असती तर तिने आधी सुई दिली असती. फोन अनघाने केला.

२३ फेब्रु.
तितिर अजून हॉस्पिटलमध्ये. शुद्ध आली, पण अडखळत बोलते, म्हणतात. किती दिवस, कुणी सांगत नाही. मॅडम म्हणाल्या, तुमची काही चूक नाही, तुम्ही नियम पाळलात. जन्मात कुणी एवढं वाईट बोललं नव्हतं मला.

२ मार्च
ठरवलं. गॅझेट उलटं करायचं. अनघाचं परत सुनंदा. आधार, पॅन, बँक सगळं बदलावं लागलं तरी. डिप्लोम्याने माझ्याकडे यायचं नाही, मी त्याच्याकडे जायचं.
विनय म्हणाले, “मी हाक काय मारू?”
“सुचेल ते.”
“अनघा नाव माझ्या आईने सुचवलेलं. मी नुसतं लिहिलं.” इतक्या वर्षांत आज सांगतात! हसू येऊन रडले.
मार्चअखेर हे होणार नाही, मलाही कळतं. तरी मुंबईच्या कौन्सिलसाठी अकरा तारखेचं तिकीट काढलं. शाळा एजन्सीकडून दुसरी बाई बघतेय.

९ मार्च
तितिरला घरी सोडलंय. संत्री घेऊन गेले. आईने दार अर्धंच उघडलं. “आज नहीं. सो रही है.”
आतून आवाज आला, हळू, शब्द ओढत. “के एशेछे, मा?” कोण आलंय?
“केउ ना.”
कुणी नाही. एवढं बंगाली येतं मला.
संत्री दाराशी ठेवली. लिफ्टसाठी थांबले नाही, जिन्यानेच उतरले. मुंबईची गाडी परवा दुपारची. तिकीट अजून रद्द केलेलं नाही.