साळूबाई रोडची लाइन क्लियर

तांबवाडी (सांगलीजवळ),
वैशाख, शके १८६८

तीर्थस्वरूप अण्णांना,

साताऱ्याच्या दिशेला तोंड करून अनंताचा नमस्कार. तो दोन्ही हात जोडून करायला हवा होता, पण डावा हात सरसाने माखला आहे आणि जोडला तर सुटायचा नाही, म्हणून एका हाताचा गोड मानून घ्यावा. आपल्या खोकल्याला अडुळसा लागू पडला का? आपण अजून सकाळी अजिंक्यताऱ्याच्या निम्म्यापर्यंत चढता, की आता निम्म्याच्याही निम्म्यापर्यंत, तेही कळवावे. इकडील सर्व क्षेम आहे, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

आपली धाकटी बहीण चारुशीला हिचा नवरा शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे, एवढेच आपण आजवर चारचौघांत (आवाज जरा खाली आणून) सांगत असाल. आता पुढे जोडायला हरकत नाही की तो एका रेल्वेचा चीफ इंजिनियरही आहे. रेल्वे लहान आहे. किती लहान म्हणाल, तर एका गुऱ्हाळात मावते. पण तिला स्टेशने आहेत, सिग्नल आहेत, बोगदा आहे, आणि खऱ्या रेल्वेला असतात तितक्या तक्रारीही आहेत.

झाले असे की आमचे नाथाजी हवालदार लढाई संपल्यावर इटलीहून परतले. बाकीच्या शिपायांनी घोंगड्या आणल्या, घड्याळे आणली. यांनी एक चावीचे इंजिन आणि तीन डबे आणले. इंजिन वीतभर, हिरवे, चावी दिली की खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन डोके आपटून थांबणारे. सांगलीच्या बाजारात मी रंग घेत असताना त्यांनी ते दुकानाच्या फळीवर चालवून दाखवले आणि त्या दिवसापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. या नादातले तिसरे आमचे हंबीरराव. तांबवाडीत त्यांचा ऊस आहे, आणि वैशाखात गुऱ्हाळ रिकामे असते. (गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीवर फळ्या टाकल्या की अखिल हिंदुस्थानात सापडणार नाही असे टेबल होते. फक्त कडेला टेकले की सदरा चिकटतो.) रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून रूळ केले आणि 'तांबवाडी लघु-लोहमार्ग मंडळ' स्थापन झाले.

मंडळ म्हटले की मतभेद आलेच. नाथाजींना इटलीसारखे बर्फाचे डोंगर हवे होते. माझा आग्रह असा की आपला मुलूख जसा आहे तसाच दिसला पाहिजे, लाकडाच्या भुशाचे माळ, शाडूची घरे, सगळे मापात. हंबीररावांचे म्हणणे एकच, की गाडी तांबवाडीला थांबली पाहिजे. खरी गाडी त्यांच्या गावावरून जात नाही. वारा तिकडचा असला की नुसती शिट्टी ऐकू येते आणि त्याचे त्यांना बापाच्या काळापासून दुःख आहे. मी तांबवाडीला स्टेशन दिले. मग त्यांनी बाजरीच्या काड्यांचा ऊस लावला. तो इंजिनाच्या तिप्पट उंच झाला. मापात कापा म्हटले तर म्हणाले, "मास्तर, आमचा ऊस एवढाच येतो." बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेजारच्या कुपवाडची मंडळी बैलगाडी जुंपून आली, आणि तांबवाडीला गाडी थांबते तर आमच्या गावाला का नाही, असा त्यांनी रीतसर अर्ज दिला. सोबत मातीचे स्टेशनही करून आणले होते. ते आमच्या बोगद्यापेक्षा मोठे निघाले, तरी घ्यावे लागले.

आता तांबवाडी ते कुपवाड रूळ टाकायचा म्हणजे मध्ये वळण आले, आणि वळणाला जागा हवी. हंबीररावांनी टेबलावरच्या एका रानावर बोट ठेवून सांगितले, "हितनं न्या." मी नेला. ते रान साळूबाईंचे आहे, हे मला ठाऊक होते; त्यामागचा इतिहास ठाऊक नव्हता.

साळूबाई म्हणजे हंबीररावांच्या थोरल्या भावाच्या मागे राहिलेली बायको. एकटी बाई, स्वतःचे रान स्वतः कसते. वाटणी झाल्यापासून दोघांचे बोलणे बंद. कारण बांध. दरवर्षी नांगरट करताना हंबीररावांचा नांगर बांधाला जरासा लागे (त्यांच्या मते बैलांची चूक) आणि बांध दरवर्षी जरासा साळूबाईंच्या अंगावर सरके. यावर त्या जे बोलायचे ते आपल्या म्हशीला सांगत, मोठ्याने, हंबीरराव परसात असतील तेव्हा. हंबीरराव त्याचे उत्तर बैलाला देत. अशा रीतीने त्या घरात जनावरांना सगळे माहीत होते आणि माणसे अबोल होती.

रूळ बसला त्याच दिवशी साळूबाई गुऱ्हाळात आल्या. पदर खोचलेला, हातात विळा. काहिलीभोवती एक फेरी मारून त्यांनी आपले रान शोधून काढले.

"मास्तर, हितली माझी बाभळ कुठं हाय?"

"आवं, ती रुळात आली," मी म्हणालो. (घाबरलो की मी त्यांच्यासारखा बोलू लागतो.)

"आज पत्र्याच्या रुळात आली. उद्या लोखंडाच्या रुळात यील. मग मी कुणाच्या दारात जाऊ?"

यावर ड्रॉइंगच्या परीक्षेत कुठेच उत्तर नाही. त्यांनी विळा फळीवर ठेवला, पोते ओढून त्यावर बसल्या आणि आपला तळहात सपाट त्या भुशाच्या रानावर ठेवला. तेवढ्यात चावी दिलेली गाडी तांबवाडीहून सुटलेली होती. ती वळणावर आली, साळूबाईंच्या बांगड्यांवर आदळली आणि तिन्ही डब्यांसह कलंडली. हवालदारांनी शिट्टी फुंकून अपघात जाहीर केला. साळूबाईंनी हात हलवला नाही. अण्णा, त्या हाताकडे मी चित्रकार म्हणून पाहिले. खुरप्याने घट्टे पडलेला तो हात त्या वीतभर भुशावर असा टेकला होता, जसा आपण तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतो. मला हसू आले नाही.

मी तोड काढली. बाभळ परत लावतो, रूळ बाजूने नेतो आणि रानाच्या कडेला तुमच्या नावाचे स्टेशन देतो. स्टेशनाचे नाव 'साळूबाई रोड'. (आपल्याकडचे सातारा रोड स्टेशन जसे साताऱ्यापासून लांब, तसे हे साळूबाईंच्या घरापासून लांब, हा विनोद तिथे कुणालाच कळला नाही, म्हणून आपल्याला पाठवत आहे.) साळूबाईंनी विचार केला आणि अट घातली, "टेसनाचा मास्तर मी होणार."

आता आपल्याला आगगाडीच्या कारभाराची एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकेरी रुळावर गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनाला विचारावे लागते, रस्ता मोकळा आहे का. त्याने लाइन क्लियर दिली तरच ड्रायव्हरला लोखंडी गोळा मिळतो आणि गाडी हलते. आम्ही गोळ्याऐवजी सुपारी ठेवली होती. नाथाजी हवालदार नियमाला पक्के. सुपारीशिवाय ते इंजिनाला चावी लावू देत नाहीत. तांबवाडीचे स्टेशनमास्तर हंबीरराव, पुढचे स्टेशन साळूबाई रोड. म्हणजे गाडी सोडायची तर दिराने भावजयीला तोंडाने विचारायचे. म्हैस गुऱ्हाळाच्या दारातून आत येत नाही, हे मी मुद्दाम मोजून पाहिले होते.

सगळे गाव जमले. हंबीररावांनी मिशीवर हात फिरवला. मग आढ्याकडे बघून म्हणाले, "लाइन क्लियर हाय का?"

"कुणाला इचारतोय?" साळूबाई मला म्हणाल्या.

"टेसनाला," हंबीरराव आढ्याला म्हणाले.

"टेसनात माणूस बसलंय."

हंबीररावांनी मान खाली केली. "वैनी, लाइन क्लियर हाय का?"

"न्हाई."

"का न्हाई?"

"बांध आडवा आलाय."

आणि त्यांनी कनवटीचा अडकित्ता काढून समोर ठेवलेली ती सुपारी कातरली आणि खाल्ली.

गाडी अडकली. दुसरी सुपारी आणता आली असती, पण हवालदार म्हणाले की फौजेत परवलीचा शब्द एकच असतो. डब्यांतून मी मातीचे प्रवासी बसवले होते, बोटाच्या पेराएवढे. पहिला दिवस लोक नुसते बघत होते. मग त्यांना प्रवाशांची दया येऊ लागली. गावातल्या बयाबाईंनी चिमणीच्या डोळ्याएवढ्या भाकरी थापून डब्यांच्या खिडकीशी ठेवल्या. एक म्हातारबाबा मला बाजूला घेऊन हळूच विचारून गेले, की यांच्यातल्या कुणाची मिरजेला कोर्टात तारीखबिरीख न्हाई ना. कुपवाडकर पुन्हा बैलगाडीने आले, आमच्या स्टेशनात गाडी का येत नाही म्हणून. त्यांना कारण कळले तेव्हा ते हंबीररावांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि उठेनात. त्यांना जेवू घालावे लागले. हंबीरराव पारावर गेले की लोक विचारत, "गाडी सुटली का वं?" देवळात गेले तर पुजारी तेच विचारी. एवढा धिप्पाड माणूस, चार गावांत दरारा, पण तो त्या तीन डब्यांपायी वाळू लागला. एकदा मी त्यांना गुऱ्हाळात एकटे उभे पाहिले. एका प्रवाशाची मान मोडली होती, ती ते थुंकी लावून चिकटवत होते.

शेवटी एका सकाळी त्यांनी खांद्यावर कुदळ टाकली आणि रानात गेले. नाथाजी दोरी घेऊन मागे. जुन्या बांधाचा दगड मातीखाली कुठे आहे ते हंबीररावांना बरोबर माहीत होते, कारण तो त्यांनीच झाकला होता. कुपवाडकरांनी माती ओढली. बांध पहिल्या जागी उभा राहिला, तेव्हा साळूबाई आल्या, त्याच्यावरून अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या आणि परत फिरून पुन्हा चालल्या. मग म्हणाल्या, "चला, टेसन उघडायचंय."

गुऱ्हाळात मुंगीला जागा नव्हती. हंबीररावांनी त्यांच्याकडे सरळ बघून विचारले, "वैनी, लाइन क्लियर हाय का?" साळूबाईंनी कनवटीतून नवी सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली. नाथाजींनी हिरवे निशाण हलवले, मी माझ्या हाताने चावी भरली. गाडी तांबवाडीहून निघाली, उसाच्या पुढे आली, आणि आतून 'टण्ण' असा आवाज होऊन जागच्या जागी उभी राहिली. स्प्रिंग तुटली होती.

मला वाटले, आता सगळे मुसळ केरात. तोच हंबीररावांनी पुढे होऊन इंजिनामागे आपली करंगळी लावली आणि गाडी ढकलायला सुरुवात केली, एवढ्या हलक्या हाताने की जणू झोपलेल्या पोराचा पाळणा. निम्म्या वाटेवर त्यांचा हात पोचेना. तेव्हा पलीकडून साळूबाई वाकल्या आणि पुढे त्यांनी नेली. गाडी साळूबाई रोडला आली. प्रवासी उतरले. (म्हणजे मी उतरवले.) त्या दिवसापासून गाडी अशीच चालते, निम्मी दिराच्या बोटाने, निम्मी भावजयीच्या, आणि वेळापत्रकात एका क्षणाचीही चूक नाही.

तर अण्णा, असा हा आपल्या ड्रॉइंग मास्तरचा पराक्रम. जे गावच्या पंचांना जमले नाही ते मी एका सुपारीत घडवले, असे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक
अनंत

ता. क. उत्तर सांगलीच्या पत्त्यावर पाठवू नये. हंबीररावांच्या गुऱ्हाळाच्या पत्त्यावर पाठवावे. तूर्त माझा मुक्काम येथेच असतो. काहिलीखाली चांगला गारवा आहे.

दुसरा ता. क. खरे तर लिहायचे एवढेच होते, की आपण थोरले भाऊ आहात, एकदा सांगलीस येऊन चारुशीलेशी चार शब्द बोलावे. न्हाणीघराच्या दाराची कडी दिवाळीपासून निखळली आहे आणि सुट्टीत ती बसवून देण्याचे मी कबूल केले होते. मी घरी गेलो तेव्हा तिने खिडकीतूनच सांगितले, "लाइन क्लियर नाही." तिला हा शब्द कुणी शिकवला ते कळत नाही. साळूबाई आठवड्याच्या बाजाराला सांगलीस जातात, एवढे मला माहीत आहे. तिचेही पत्र आपल्याला आले असेल. ते आधी आले असल्यास माझे लेट झाले असे समजावे.

(वेगळ्या अक्षरात) रामराम पावणं. मी हंबीरराव. मास्तरांनी पत्र टपालात टाकाया माझ्याकडं दिलं, पाकीट उघडं हुतं, वाचलं. समदं खरं हाय, एक सोडून. लाइन क्लियरचं बोलणं म्हंजी काय बोलणं न्हवं, ती नोकरी. आमी दीर-भावजय घरच्यावानी पैल्यांदा बोलाया बसलो ते तुमच्या मास्तरांस्नी घरी कसं धाडावं ह्या इषयावर. रोज सांजच्याला वैनी चहा टाकती आन् आमी त्यावर इचार करतो. अजून काय ठरंना. तवा तुमी येणार आसाल तर या, पर लगीच येऊ नका.