तीनशे नंबर

६ जानेवारी
आज पुन्हा. सकाळची धार काढताना दोन गायींच्या मध्ये खाली बसावं लागलं – बादली उलटी करून तिच्यावर. ओटीपोटात, उजवीकडे. नेहमीची जागा. व्हर्लिनने पलीकडून विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही." नवऱ्याला एवढं पुरतं. बाहेरचा नळ गोठलाय.

९ जानेवारी
गावच्या दवाखान्यातल्या बाई ऑक्टोबरात म्हणाल्या होत्या, कधी दुखतं ते लिहून ठेवा. ठेवतेय. इथे लिहीन म्हटलं तर ही वही आठवडा-आठवडा उघडत नाही. म्हणून गोठ्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिते. कोणती गाय कधी माजावर आली, कधी गाभण राहिली, सगळं तिथेच असतं. पेन दोरीला बांधलेलं. आमच्या गायींचे नंबर दोनशेच्या पुढे जात नाहीत, म्हणून मी तीनशे.

१५ जानेवारी
तीनशे: दुखलं.

२१ जानेवारी
ब्रिट्टा शाळेतून आली ती पांढरीफटक. "आई, कालवडींचं आज तू बघशील?"
"पाळी आलीय?"
तिने मान डोलावली.
"दोन दिवसांचं असतं गं. चालायचंच."
माझी आई मला हेच म्हणायची, याच आवाजात. ब्रिट्टा थोडा वेळ दारात उभी राहिली, मग बूट घालून गेली. पंधराव्या वर्षी एवढी समज कुणाला असते? शहाणी पोर.

२ फेब्रुवारी
व्हर्लिन तक्त्यासमोर. "ही तीनशे कोण गं?"
"नंबर चुकला असेल."
"दर महिन्याला हिचं काहीतरी आहेच. विकून टाकू या हिला."
हसला. मीही हसले. राग यायला हवा होता. हल्ली काही येतच नाही, दुखणं सोडून.

११ फेब्रुवारी
गुरांचे डॉक्टर टेस्के आले होते. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून एकेक गाय तपासली. अठ्ठ्याऐंशी नंबरच्या अंडाशयात गाठ निघाली. लगेच सुई टोचली. सगळं मिळून दहा मिनिटं.

मग तक्ता वाचत उभे राहिले. "तीनशेला आणा. बघतो."
"ती इथे नाही."
"मग कुठंय? चार महिने जनावराला दुखतंय म्हणून लिहिताय आणि मला कुणी सांगत नाही? झोपा काढता का सगळे?"
त्यांनी तक्त्यावरचं अक्षर पाहिलं, मग माझ्याकडे. मग फार वेळ हात धुतले. जाताना दारात म्हणाले, "हे काम माझं नाही, बाई. पण मी गायीला चार महिने असं ठेवलं नसतं."

व्हर्लिनला काही बोलले नाहीत. बरं झालं.

१२ फेब्रुवारी
मॅडिसन शहरातल्या स्त्रियांच्या डॉक्टरकडे फोन केला. ३ मार्च तारीख मिळाली.

३ मार्च
सोनोग्राफी झाली. उजव्या अंडाशयात सहा सेंटिमीटरची गाठ.

डॉक्टरीण बाई माझ्यापेक्षा लहान. कागदावर चित्र काढून सांगितलं. अशा बहुतेक गाठी पाण्याच्या असतात, महिन्या-दोन महिन्यांत आपोआप जिरतात, बाईला कळतही नाही. माझी तशी दिसत नाही. आत जुनं, दाट रक्त आहे. गर्भाशयाला आतून जसं अस्तर असतं तसलंच बाहेर वाढतं, आणि दर पाळीला तिथेही सुजतं, साकळतं. कर्करोगाची लक्षणं दिसत नाहीत म्हणाल्या. पण एकदम असह्य कळ आली, उलट्या झाल्या, तर घरी थांबायचं नाही, सरळ इस्पितळ गाठायचं – गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ बसू शकतो.

"किती वर्षं दुखतंय?"
"चौदाव्या वर्षापासून."
त्यांचं पेन थांबलं. "सत्तावीस वर्षं? कुणाला सांगितलं नाही?"
"आईला. ती म्हणाली, चालायचंच."
"असं चालायचं नसतं हो."

९ एप्रिलला शस्त्रक्रिया. फॉर्म भरताना विचारलं, घरात आणखी कुणाला आहे? हे मायलेकींत पुष्कळदा आढळतं. माझी आई गेली, तिला मी कधी विचारलं नाही. "मुलगी?" म्हटलं, तिला काही नाही. तसंच लिहिलं.

गाडीत रडू येईल असं वाटलं. वाट पाहिली. आलं नाही. येताना गायींना चाटायला मिठाची लादी घेतली.

५ मार्च
जेवताना सांगून टाकलं. व्हर्लिनने काटा खाली ठेवला. "तीनशे म्हणजे तू?" मग, "मी विकून टाकू म्हणालो होतो." ताटातले बटाटे तसेच टाकून उठला आणि धार एकट्याने काढली.

ब्रिट्टाने विचारलं, "कापणार तुला?"
"तीन छोटी भोकं पाडतात."
"मग दुखायचं थांबतं?"
"बहुतेक."
"बहुतेक," ती म्हणाली, आणि ताटं उचलायला लागली.

२० मार्च
तीनशे: दुखलं. आता व्हर्लिन लिहितो. विचारतो आणि लिहितो.

८ एप्रिल
उद्या. नंतर काही आठवडे जड उचलायचं नाही, म्हणून किती चारा शिल्लक आहे ते बघायला कालवडींच्या गोठ्यात गेले. तो गोठा ब्रिट्टाचा. हिवाळाभर मी तिकडे फिरकले नव्हते. तिथे तिने स्वतःचा तक्ता लावलाय. वजनं, लसी, सगळं नीट अक्षरात. सगळ्यात खाली तीनशे एक. नोव्हेंबरपासून दर महिन्याला चार-चार, पाच-पाच खुणा. २१ जानेवारीसमोर लिहिलंय: 'आईला सांगितलं. चालायचंच.'

तिथेच गवताच्या गठ्ठ्यावर बसून रडले. मग मॅडिसनला फोन केला. म्हटलं, उद्या आम्ही दोघी येतोय, फॉर्मवर मी चुकीचं लिहिलंय.