काळ्या-पांढऱ्यातला पिवळा

आप्पा, त्या रविवारबद्दल तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. दौंडच्या आपल्या घरातला रंगीत टीव्ही तुम्हाला महिनाभर पिवळा दिसत होता. आम्हाला तो ठीक दिसायचा, पण तुमच्यापुढं कोण बोलणार? गावातल्या दोघांनी हात टेकले, तेव्हा तुम्ही शिरूरहून दुकानांतले टीव्ही सेट करणारा मेकॅनिक बोलावलात.

मला अजून दिसतं. तो टीव्हीच्या मागं बसलाय. समोरच्या खुर्चीवर आईचा आरसा उभा केलाय आणि त्यात पडदा बघत तो आतले स्क्रू फिरवतोय. आधी त्यानं रंग पूर्ण उतरवला. काळं-पांढरं चित्र स्वच्छ जमलं की मगच रंग चढवायचा, ही त्याची पद्धत.

"बघा आप्पा, पांढरं कसं दुधावानी."

"कसलं दूध? पिवळं मारतंय अजून."

"मग गायीचं असंल!"

आई हसली. त्यानं पुन्हा स्क्रू फिरवला. "आता?"

"पिवळंच."

त्याचा हात थांबला. "आप्पा, रंग काढलाय मी. पिवळा यायला जागाच न्हाई त्यात."

आईचं हसू विरलं. तुम्ही तांब्या उचलून पाणी प्यायलात.

कुरकुंभच्या कारखान्यातलं तुमचं काम मला ठाऊक होतं. काचेतून टाकीतला माल बघायचा आणि तो पिवळसर झाला की टाकी तापवणारी वाफ लगेच तोडायची. उशीर झाला तर टाकी तापतच जाते. मीटर होता, पण काट्याआधी डोळ्याला कळतं, असं तुम्ही म्हणायचात. अख्खी शिफ्ट तुमच्या डोळ्यांवर चालायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दारात आडवी आली. "आज नका जाऊ. आधी डोळं दाखवू."

"साहेबाला काय सांगू? टीव्ही बिघडला म्हून घरी बसलो?" तुम्ही हसलात आणि कंपनीच्या बसमध्ये चढलात.

दुपारी टाकी फुटली. वाचलेल्या तुमच्या जोडीदारानं दवाखान्यात मला सांगितलं, "मी म्हनलं, आप्पा, तोडू का वाफ? तर म्हनले, थांब, अजून हुंदे." मी आयुष्यभर बातम्या लिहिल्या, वेळेत दिल्या, पण या वाक्याच्या पुढं मला जाता येत नाही. ज्याला सगळंच पिवळं दिसतं, तो किती पिवळ्याची वाट बघतो?

व्हॉल्व्ह अडकला, असं कंपनीनं सांगितलं. आई तेच सांगते, मीही. हा कागद मी तिला दाखवणार नाही. तिला धक्का बसेल म्हणून नव्हे. ती शांतपणे "ठाऊक हाय" म्हणेल, याची मला भीती वाटते.