न सापडणाऱ्या कादंबरीबाबत मृत्युपत्र

सर्वप्रथम क्षमा मागते. मृत्युपत्र लिहिणे हे ज्यांच्या नावावर घर आहे, जमीन आहे, निदान एखादा जुना दावा तरी आहे, अशा वडीलधाऱ्यांचे काम. माझे वय सव्वीस. माझ्या मालकीचे म्हणावे असे एक पुस्तकांचे कपाट, आणि तेही भिंतीतले, म्हणजे खरे पाहता घरमालकाचे. तरीही येत्या गुरुवारी सकाळी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. "शंभरातले सत्त्याण्णव जण ठणठणीत होऊन घरी जातात," असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांनी धीर देण्यासाठीच सांगितले, हे मला कळते. पण शाळेत असताना दर शंभरांत पहिल्या तिघांत येण्याची मला सवय होती, त्यामुळे मन स्वस्थ राहत नाही.

सबब मी, खाली सही करणारी, चष्म्याच्या दुकानात नोकरीस असलेली, घरात 'धाकटी' व दुकानात 'पुटपुटी' या नावाने ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणीही भरीस न घालता हे लिहून ठेवत आहे. भरीस घालणे दूरच, "असलं अभद्र लिहू नकोस गं," म्हणत आईने दोनदा पेन उचलून फडताळात ठेवले. तिसऱ्यांदा तिने स्वतःच आणून दिले व शेजारी दुधाचा पेला ठेवला. पेला रिकामा केल्याची नोंद येथे करते, कारण ती हे वाचेल.

कलम १. बँकेत जे आहे ते आईचे. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. मात्र एक विनंती: माझ्या अर्धवट वाचलेल्या पुस्तकांतील खुणा तिने काढू नयेत. मी कुठवर पोहोचले होते, हे निदान पुस्तकांना तरी ठाऊक असावे.

कलम २. भिंतीतल्या कपाटातील सर्व पुस्तके थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, द्यावीत. ती पानांचे कोपरे दुमडते. याबद्दल मी तिच्याशी वयाच्या आठव्या वर्षापासून भांडत आले आहे. "तुझी पुस्तकं नुसती इस्त्री केलेली, माझी वापरलेली," असे ती म्हणते. आता तिने खुशाल दुमडावेत. फक्त शाळेत बक्षीस मिळालेल्या शब्दकोशाला हात लावू नये.

कलम ३. आत्याने आठ वर्षांपूर्वी माझ्याकडून एक जाडजूड प्रवासवर्णन वाचायला म्हणून नेले. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले असता ते तिच्या कपड्यांच्या कपाटाच्या आखूड पायाखाली आढळले. विचारल्यावर ती म्हणाली, "अगं, इतकी वाचून तुझं काय भलं झालं? माझं कपाट तरी सरळ उभं राहिलं." सदर पुस्तकावरील माझा हक्क मी सोडत असून ते आत्याचेच राहील. तिने ते एकदा बाहेर काढून उघडावे, एवढीच इच्छा. कपाट पडल्यास त्याची जबाबदारी माझ्या वारसांवर राहणार नाही.

कलम ४. माझा बारीक पेचकस, नाकपट्ट्यांची डबी व भिंगे पुसण्याची तीन फडकी गणितबाईंना द्यावीत. गणितबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या चष्मा डोक्यावर चढवतात, त्यामुळे दर आठवड्याला त्याच्या काड्या सैल होतात आणि दर आठवड्याला त्या म्हणतात, "काय गं, हलका माल लावता की काय?" काड्या आवळताना पेचकस उजवीकडे फिरवावा. त्यांना हे सांगावे लागेल.

कलम ५. दुकानातील 'चालू वाचनाची वही' मालकांना, म्हणजे चष्मेवाले काकांना, द्यावी. वही कशी जन्मली हे येथे सांगणे भाग आहे, कारण पुढील कलम त्यावाचून समजणार नाही.

जवळचे वाचण्याचा नंबर तपासायला सगळीकडे छापील तक्ता असतो. काका तक्ता वापरत नाहीत. गिऱ्हाइकाला ते आधीच निरोप धाडतात, "सध्या जे पुस्तक वाचताय ते घेऊन या." माणूस खुर्चीत बसतो, आपले पुस्तक आपल्या सवयीच्या अंतरावर धरतो, आणि काका त्या अंतराचे भिंग देतात. कोणी कोणते पुस्तक आणले हे मी वहीत लिहीत गेले. एक बसचालक कोंबडीपालनावरचे पुस्तक घेऊन आले. त्यांच्याकडे एकही कोंबडी नाही, पण "वाचलं की सकाळ झाल्यासारखं वाटतं," म्हणाले. एक विमा एजंट रहस्यकथेचे शेवटचे पान आधी वाचून मगच पहिले उघडत. एका आजोबांनी नातीचे अंकलिपीचे पुस्तक आणले आणि कारण विचारू नका म्हणून डोळ्यांनीच सांगितले.

पुढे काकांनी शनिवारी संध्याकाळी अर्धा तास दुकान लवकर बंद करून चारपाच जणांची बैठक सुरू केली. नियम एकच. "संपलेलं पुस्तक सांगायचं नाही. चालू असेल तेच सांगायचं. संपलेल्याबद्दल माणूस शहाणपणा करतो, चालू असलेल्याबद्दल खरं बोलतो."

कलम ६. यापुढील मजकूर लिहिताना माझा हात थांबत आहे.

पहिल्याच शनिवारी सर्वांचे सांगून झाले आणि काका म्हणाले, "पुटपुटी, तुझं काय चालू आहे?" खरे उत्तर असे होते की मी पाचवीचे माझे जुने पाठ्यपुस्तक पुन्हा वाचत होते, कारण त्या आठवड्यात डॉक्टरांनी झडपेविषयी प्रथम सांगितले होते आणि मला नवे काही सोसवत नव्हते. पण समोर घड्याळजी बसले होते. शेजारच्या दुकानात घड्याळे दुरुस्त करतात, ते. कपाळावर सरकवलेले भिंग काढायला विसरलेले. त्यांच्यासमोर "पाचवीचं पाठ्यपुस्तक" हे शब्द तोंडातून निघेनात. मी म्हटले, "एक जुनी कादंबरी. मुखपृष्ठ फाटलंय, म्हणून नाव, लेखक काही ठाऊक नाही."

"कशावर आहे?" गणितबाई.

"नाव चालवणाऱ्या एका बाईवर. पैलतीरावरचे एक मास्तर रोज तिच्या नावेतून जातात. आता नदीवर पूल होणार आहे."

हे सारे मला त्याच क्षणी सुचले. वर्गात तोंड उघडायला घाबरणाऱ्या माझ्या तोंडून सलग तीन वाक्ये निघाली, याचेच मला नवल वाटले. घड्याळजींनी विचारले, "वल्हं ती आधी कुठल्या हातानं उचलते?"

कादंबरीविषयी असा प्रश्न विचारणारा माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता. "डाव्या," मी म्हटले. मी स्वतः डावरी आहे.

पुढच्या शनिवारी सर्वांनी आधी मलाच विचारले, "पुढे काय झालं?" तेव्हापासून दीड वर्ष दर शुक्रवारी संध्याकाळी मी पुढचे प्रकरण लिहीत गेले आणि शनिवारी 'वाचले' म्हणून सांगत गेले. पुलाचे खांब नदीत उभे राहिले तेव्हा गणितबाईंनी ठेकेदाराला शिव्या दिल्या. मास्तर तापाने आठ दिवस आले नाहीत तेव्हा काकांनी मला भर दुपारी, गिऱ्हाईक खुर्चीत असताना, हळूच विचारले, "पोरी, बरा होतो ना तो?" घड्याळजी शिव्या देत नाहीत. ते बारीकसारीक विचारतात. नाव रिकामी परत येताना ती गाते का. मास्तर कोणते पुस्तक वाचत बसतात, हे तिने कधी वाकून पाहिले का. "पाहिलं," मी सांगितले. "पण अक्षर उलटं दिसतं तिला. ती समोर बसते ना." घड्याळजी वर्षाला दोनच पुस्तके वाचतात, पण ती त्यांच्याकडून सुटत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात पूल पुरा झाला. शेवटच्या फेरीत तिने मास्तरांना काहीतरी म्हटले पाहिजे होते. तिला काय वाटते ते मला पाठ आहे. ती काय बोलेल ते मला लिहिता येईना. चार शुक्रवार कोरे गेले. अखेर मी सांगितले, "शेवटची पानंही नाहीत माझ्या प्रतीत."

"मग शोधायला हवीत," घड्याळजी म्हणाले.

आणि ते शोधू लागले. जुन्या पुस्तकांची दुकाने झाली, रद्दीवाले झाले, घड्याळ घ्यायला येणारा प्रत्येक माणूस झाला. काकांनी दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली. मी रोज सकाळी काच पुसताना त्या चिठ्ठीवरची धूळ झटकते, आणि तिच्याभोवतीची काच अधिक लख्ख करते, हे माझ्या अपराधाचे मोजमाप समजावे.

परवाच्या शनिवारी ते उभ्याउभ्याच म्हणाले, "सापडलं. दिवसभराच्या प्रवासावर एक म्हातारा विक्रेता आहे. नावाडीण, मास्तर, पूल, सगळं आहे म्हणतो. फोनवर मी हो म्हणेन त्याला तोही हो म्हणत होता, पण बघून तरी येतो. बुधवारी पहाटेची गाडी, शुक्रवारी परत. तुम्ही शुद्धीवर याल तेव्हा शेवट तुमच्या उशाशी."

मी "बरं" म्हटले. दोन वर्षांत मी पुष्कळ खोटे बोलले, पण त्यात हा शब्द सर्वांत मोठा. मला म्हणायचे होते की गुरुवारी तुम्ही इथे असा.

सबब: माझ्या हस्ताक्षरातील तीन वह्या, ज्यांत सदर कादंबरी शेवटाविना लिहिलेली आहे, त्या मी घड्याळजींना देत आहे. अशी दुसरी कादंबरी जगात कुठे छापलेली नाही. त्यांच्या प्रवासाबाबत माझा विचार असा की ते जातात तर त्यांना जाऊ द्यावे. मी वाचले तर "विक्रेत्याची काहीतरी चूक झाली असेल," असे म्हणेन. न वाचले तर हे कागद बोलतील.

कलम ७. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून ताईला नेमते. कागद उघडण्याची वेळ आल्यास तिने कलम ६ शनिवारच्या बैठकीत वाचावे. घाईघाईत वाचू नये. तिला वाक्य संपायच्या आधी पुढचे सुरू करण्याची खोड आहे.

ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, असा नियम असल्याचे वाचले. त्यामुळे ज्यांना देण्यासारखे माझ्यापाशी काहीच नाही, अशा दोन भल्या माणसांना तसदी दिली. त्यांनी राग मानू नये. मी त्यांच्यासमक्ष सही केली व त्यांनी माझ्यासमक्ष.

साक्षीदार: १. तळमजल्यावरील औषधांच्या दुकानाचे मालक (सही)
२. समोरच्या बिऱ्हाडातील शिवणकाम करणाऱ्या मावशी (सही)

लिहून देणार: धाकटी, ऊर्फ पुटपुटी (सही)

स्थळ: आमचे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल
मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेअकरा

पुरवणी

त्याच दिवशी, दुपारी. सही झाल्यावर औषधवाले काका पेनचे टोपण लावत म्हणाले, "सव्विसाव्या वर्षी मृत्युपत्र? अगं, माझी गिऱ्हाइकं अशी निघून गेली तर मी काय विकू?" शिवणकामवाल्या मावशींनी त्यांना कोपराने ढोसले.

"नाही, नुसतं विचारतो," ते म्हणाले. "एवढी पानं भरलीयस. यात असं काय आहे, जे मेल्याशिवाय सांगताच येत नाही?"

मावशी म्हणाल्या, "असेल हो तिचं काहीतरी."

"असेल. पण मेल्यावर विचारायला येता येत नाही ना कुणाला. उत्तर द्यायलाही."

ते दोघे गेले. मी जेवले, औषध घेतले, मजकूर पुन्हा वाचला. पहिली पाच कलमे जशी आहेत तशी राहू द्यावीत, असे वाटले. सहावे वाचताना लाज वाटली. ते खोटे नाही. पण मी ते अशा दिवसासाठी लिहिले, ज्या दिवशी मला कोणाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागणार नाही. एखाद्याला दिवसभराच्या प्रवासाला पाठवायचे, रिकाम्या हाताने परत आणायचे, आणि मग तीन वह्या बक्षीस द्यायच्या, याला देणे म्हणत नाहीत.

सबब कलम ६ मधील शेवटची तीन वाक्ये रद्द समजावीत. सदर कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, या क्षणापासून लागू होईल. या पुरवणीला साक्षीदार नाहीत.

घड्याळजी, उद्याची गाडी पकडू नका. त्या विक्रेत्याकडे जे आहे ते दुसरे कुणाचे तरी पुस्तक आहे. तुम्ही दोन वर्षे जे ऐकलेत आणि मग शोधलेत ते मी लिहिले, तुम्ही काय विचाराल याचा विचार करत लिहिले, आणि त्याला शेवट नाही. वह्या तुम्हाला आज संध्याकाळी ताई आणून देईल. मी स्वतः आले असते, पण कालपासून मला जिना चढउतार करायला मनाई आहे. जिना नसता तरी बहुधा मी ताईलाच धाडले असते. इथे खरेच लिहायचे ठरवले आहे.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मला आत नेतील. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर, डाव्या हाताला, लाकडी बाक आहे. मी तो गेल्या तपासणीच्या वेळी पाहून ठेवला. आई आणि ताई बसूनही त्यावर एका माणसापुरती जागा उरते. तुम्ही रागावला असाल, आणि तो तुमचा हक्क आहे. रागावून बसा, काही न बोलता बसा, पण तिथे बसा. मला आत नेताना दार उघडेल तेव्हा मी त्या बाजूला पाहीन.

सर्व पाने फोनवर टिपून घड्याळजींना पाठवली: मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४ वाजून १७ मिनिटे.